पायाळू मावशीचा उजवा पाय

माझी मावशी चंद्रभागाबाई जन्माला आली ती पायांकडून. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी कोहिनूरसारख्या खेड्यात अशा बाळंतपणात आई आणि मूल दोघंही वाचणं ही साधी गोष्ट नव्हती. दोघी वाचल्या. सुईणीच्या हाताला आधी पोरीचा उजवा पाय लागला होता. तिनं बाहेर येऊन सांगितलं, "पोरगी हाय, आन् पायाळू हाय." त्या दिवसापासून मावशीचा उजवा पाय तिच्या एकटीचा राहिला नाही, अख्ख्या गावाचा झाला.

आमच्या गावाचं नाव कोहिनूर. हिरा कुणी बघितलेला नाही, तूर आणि सोयाबीन मात्र डोळे भरून. कर्नाटकातल्या बसवकल्याण तालुक्यातल्या या गावात कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो वाकडा होत, भिंतीला धरत मावशीच्या दारात येतो. मावशी त्याला उंबऱ्याजवळ चौकट धरून वाकून उभं करते, उजव्या पायाची टाच त्याच्या कंबरेवर ठेवते आणि वरून खाली पाच वेळा फिरवते. तोंडानं एक अक्षर नाही. पाचवी खेप झाली की ती स्वतः खाली वाकून त्या माणसाच्या पाया पडते. कारण पाय लावला ना माणसाला! मग तो माणूस सत्तरीचा असो नाहीतर सात वर्षांचं पोर असो. पैसा नाही, नारळ नाही, चहासुद्धा नाही. घेतलं की गुण जातो, असं तिचं म्हणणं.

पायाळूवर वीज पडते असंही आमच्याकडं मानतात. त्यामुळं ढग गडगडले की मावशी हातातलं काम टाकून घरात. मावशीचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून, म्हणून लहानपणी तिला पावसात अंगणात जाऊ न देणारी माणसंच पुढं लग्नानंतरही नजर ठेवून राहिली. एकदा बाहेरगावचा एक जण तिला पुरलेलं धन दाखवायला न्यायला आला होता. पायाळूला जमिनीतलं दिसतं म्हणे. मावशीनं त्याला झाडूनं वेशीपर्यंत पोचवलं. "जमिनीतलं दिसत असतं तर मी बोअर मारायच्या आधी बघितलं नसतं व्हय? तीन बोअर कोरडी गेली माझी!" असं ती अजून सांगते.

आणि मी कोण? मी तिची भाची, अंबिका. कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, एका मेडिकल कॉलेजात अठरा वर्षं मी शरीररचना शिकवते. म्हणजे टेबलावरच्या देहाचा पाय उघडून पोरांना दाखवते, ही बघा नस, हा बघा स्नायू. मावशी मला "मेलेल्यांची मास्तरीण" म्हणते. तिच्या पायावर माझा विश्वास नव्हता, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. उसण पाच-सात दिवसांत आपली आपण जाते, श्रेय तुझ्या टाचेला मिळतं, असं. ती हसून म्हणाली होती, "जाऊ दे की. माणूस बरा झाला न्हवं?" मला जास्तच राग आला होता.

पण एक तह आमच्यात झाला होता. पंधरा वर्षांपूर्वी मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की दुखणं कंबरेतच असेल तर तुझं. पण पायात मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, लघवी अडकली, तर माणसाला पाय लावायचा नाही, दवाखान्याचा रस्ता दाखवायचा. मावशीनं हा तह अक्षरशः पाळला. येईल त्याला पहिला प्रश्न, "मुंग्या हाईत का पायात?" हो म्हटलं की दार बंद. निदान अकरा माणसं तिनं अशी माझ्याकडं पाठवली. त्यातल्या दोघांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि दोघंही आज शेतात चालतात. तेव्हा मावशीची ही गोष्ट सांगताना मी तिला अडाणी म्हणू देणार नाही. कुणालाच.

गेल्या वर्षी दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले. बन्नीची, म्हणजे शमीची, पानं तिच्या हातात ठेवली आणि पाया पडायला वाकले. "राहू दे गं, राहू दे," म्हणत मावशीनं पाय मागं ओढले. डावा पाय चटकन मागं गेला. उजवा शहाबादी फरशीवरून फरफटत गेला, बोटं खाली लोंबत. अंगठ्याला हळद भरलेली जखम होती.

ती चहा करायला उठली. मी कान देऊन ऐकत राहिले. आपण चालतो तेव्हा आधी टाच टेकते, मग पाऊल. तिचं पाऊल आधी आपटत होतं, थप्प करून. आणि ते फरशीत अडकू नये म्हणून ती गुडघा उंच उचलत होती. सपाट घरात, जागोजागी उंबरा असल्यासारखी चालत होती.

"मावशे, पाय बघू."

"कोणता?"

"जो लपवायलीस, त्यो."

"लपवायला काय चोरीचा हाय का? सोयाबीन काढून थकलाय."

"कवापासून?"

"झाले चार-पाच दिस."

"मुंग्या आल्या का?"

ती चुलीकडं बघत राहिली. पंधरा वर्षं जो प्रश्न ती गावाला विचारत होती, तो तिला कुणीतरी विचारला होता.

मी तिला ओसरीवर बसवलं. पाऊल वर ओढ म्हटलं. पाऊल हललं नाही. अंगठा तरी वर कर म्हटलं. तिनं दात आवळले, कपाळावर घाम आला, अंगठा तसाच. पावलाच्या वरच्या अंगाला मी बोट फिरवलं तर तिला कळलं नाही. तळपायाला मात्र लगेच गुदगुल्या झाल्या. मग पाऊल आतल्या बाजूला वळव म्हटलं, तर ते तिनं सहज वळवलं. तिथं माझा जीव भांड्यात पडला. कंबरेतल्या मणक्यात काही बिघडलं असतं तर हे वळवणं जमलं नसतं. दुखणं कंबरेत नव्हतं, गुडघ्याजवळ होतं.

हे जरा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंबरेच्या मणक्यांतून निघालेले धागे एकत्र येऊन अंगठ्याएवढी जाड नस होते. ती मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्याच्या जरा वर तिच्या दोन वाटा होतात. थोरली सरळ पोटरीतून तळपायाला जाते. धाकटी बाहेरच्या अंगाला वळते. गुडघ्याच्या खाली बाहेरून हात लावला की हाडाची एक गाठ लागते, तिच्या मानेला वळसा घालून ती पुढं नडगीकडं येते. पाऊल वर उचलायचं काम हिचं. आणि नेमक्या त्या वळणावर ना मांस, ना चरबी. हाडावर नस, नसेवर कातडी. शहाण्या माणसानं मोटरची वायर बांधावर उघडी टाकू नये, पण देवानं पायात तेच करून ठेवलंय.

मावशी श्रावणात तापानं आजारी होती, आठ-नऊ किलो उतरली. होती नव्हती ती चरबी गेली. त्यावर नवरात्राचे उपवास. त्यावर सोयाबीनची काढणी. बाकीच्या बाया वाकून कापतात, पाठ दुखली की उभ्या राहतात. मावशी उकिडवी बसून सरकत सरकत कापते आणि ओळ संपेपर्यंत उठत नाही. गावाला कंबर सरळ करून देणारीनं स्वतःची कंबर धरून उभं राहायचं, हे तिला शोभत नाही म्हणे! आठ दिवस, दिवसाचे आठ-आठ तास गुडघा पुरता दुमडलेला, नस हाडावर दाबलेली. हे मी जन्मभर शिकवत आले, आणि माझ्याच मावशीला कधी म्हटलं नाही की बाई, अशी बसू नकोस. मला खूप राग आला, आणि तो माझाच मला होता.

"बरा व्हतो का?" तिनं विचारलं.

"बहुतेक होईल. पण उकिडवं बसायचं न्हाई, आन् दोन आठवड्यांनी गुलबर्ग्याला यायचं. तपासणी हाय."

ती 'हो' म्हणाली, आणि पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. अजून काहीतरी होतं, पण मला ते कळलं नाही. मला मेलेल्यांची सवय, मेलेली माणसं काही लपवत नाहीत.

दोन आठवड्यांत गावानं आपलं निदान केलं. चंद्रभागाबाईनं लोकांची दुखणी पायानं ओढून घेतली, ती सगळी तिच्या पायात साचली. तिचा मुलगा अंबाजी मला फोनवर सांगायचा, लोक येतात, दारात हात जोडतात, रडतात. नवीन कुणी कंबर धरून आलं तर आई आतूनच ओरडते, "पाय गेला माझा, दुसरीकडं जावा."

तपासणीच्या दिवशी माझी मैत्रीण डॉ. नागरत्ना हिच्या खोलीत मी मावशीला टेबलावर झोपवलं. ही तपासणी साधी असते. नसेवर एका जागी बारीक विजेचा झटका द्यायचा आणि तो पावलापर्यंत किती वेगानं, किती जोरानं पोचतो ते यंत्रानं मोजायचं. नागरत्ना कलबुर्गीचीच, बोलायला मायाळू. तिनं कन्नडमध्ये धीर दिला, "स्वल्प करंट बरतद अव्वा, अंजब्याड्री." थोडासा करंट येईल, घाबरू नका. मावशीला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. ती ताडकन उठून बसली.

"वीज? पायाळूला वीज देणार?"

"एवढुशी असती गं. चिमटा काढल्यावानी."

मला वाटलं ती हट्ट करेल, भांडेल. ती भांडली नाही. तिनं माझा हात धरला. "अंबे, दे. पडायचीच राहिली व्हती ती. पर आधी ऐकून घे. माझ्या हातून पाप घडलंय."

आणि मग तिनं सांगितलं. नवरात्रातल्या पाचव्या माळेला, दिवसभर सोयाबीन काढून ती घरी आली तर दारात वीरभद्रप्पा. हे आमच्या गावातले सगळ्यात थोर माणूस, ऐंशीला टेकलेले, लिंगायत, मावशीच्या वडलांचे दोस्त. तिला 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण म्हणतात. कडब्याची पेंढी उचलताना त्यांना उसण भरली होती. लिंगायत माणसं गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग ठेवतात, ते अंगावेगळं कधी करत नाहीत. म्हणून मावशीकडं येणारा लिंगायत माणूस ती डबी आधी वर उचलून डाव्या मुठीत कपाळाशी धरतो आणि मगच वाकतो. पाय लिंगावरून जाता कामा नये, हा तिनंच घातलेला नेम. त्या दिवशी वीरभद्रप्पांना उभं राहणंच जमेना. ते तसेच ओसरीवर पालथे पडले. डबी छातीखाली. ती विसरली, तेही विसरले. तिनं पाय लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर पाऊल उचलेना.

"शिवावरून पाय नेला मी. त्यानं पाय घेतला. तुझी ती नस-बिस खरी असंल, पर नसेला दाबणारा कोण हाय? आता ती वीजबी पडू दे, म्हंजे फिटलं."

मला रडू येत होतं. नागरत्नाला मराठी थोडं कळतं, तीही यंत्राच्या बटनाशी चाळा करत उभी होती. शेवटी तपासणी झाली. झटका बसला तेव्हा मावशीनं डोळे गच्च मिटले, आणि मग एक उघडून विचारलं, "झाली? एवढीच?" जरा निराशच झाली असावी.

निकाल बरा होता. गुडघ्यापर्यंत नस ठीक, गाठीच्या वळणावर वाट अडलेली. बरेचसे धागे नुसते दबून गप्प झालेले, थोडे तुटलेले. दबलेले जागे होतात, तुटलेले हळूहळू वाढत खाली येतात, महिन्याला इंचभर. फक्त तोवर पाऊल लोंबतं ठेवायचं नाही. लोंबून लोंबून टाचेमागची शीर आखडली तर नस परत आली तरी पाऊल उचलत नाही. त्यासाठी एक प्लास्टिकचा पट्टा असतो, पोटरीपासून तळव्यापर्यंत, तो बांधून चालायचं. नागरत्नानं तो मापानं करून दिला.

मावशीनं तो घरी नेला आणि देवळीत ठेवून दिला. "शिक्षा भोगायची असती, अंबे. पट्टा बांधून देवाला फसवायचं व्हय?"

चार दिवस मी फोनवर समजावलं, ओरडले, अबोला धरला. अंबाजी म्हणायचा, पट्ट्यावर धूळ बसली. तिकडं टाच रोज थोडी थोडी आखडत असणार, आणि इकडं मी वर्गात पोरांना त्याच नसेचं चित्र काढून दाखवत होते. खडू हातात मोडला एकदा.

मावशीनं मला गळ्याची शपथ घातली होती की वीरभद्रप्पांना यातलं कळता कामा नये. रविवारी मी गावी गेले आणि ती शपथ मोडली. शपथ पाळून नस जुळत नसते.

वीरभद्रप्पांनी सगळं ऐकून घेतलं. काठी घेतली आणि थेट मावशीच्या ओसरीवर येऊन बसले, मी मागं मागं. मावशीनं त्यांना बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं माझं काय झालं ते सांगत नाही.

वीरभद्रप्पांनी सदऱ्यातून डबी बाहेर काढली. "तंगी, हिकडं ये. डबीला पोचा दिसायलाय का?"

चांदीच्या डबीच्या एका बाजूला खळगा होता.

"माझ्या म्हशीचा हाय त्यो. धार काढाया बसलो तर लाथ मारती. गेल्या सालात दोनदा मारली, हितं, छातीवर. आता मला सांग, म्हशीचा पाय लुळा पडला का? चारी पायांनी नाचतीया. दोन्ही टाइम दूध देती, वरून लाथ देती. म्हशीला माफी आन् तुला शिक्षा? असला इन्साफ शिवाच्या दरबारात असतो व्हय?"

मला हसू फुटलं. मावशीला नाही. ती म्हणाली, "म्हशीला कळत न्हाई, अण्णा. मला कळलं व्हतं. तिसऱ्या खेपेला मला डबीची याद आली. तरी मी पाय काढला न्हाई. मनात म्हटलं, पाच खेपा पुऱ्या करू, अण्णा मोकळे व्हऊ देत, मग बघू काय व्हायचं ते."

हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. वीरभद्रप्पांनी डबीच्या खळग्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी घरी चालत गेलो, तंगी. शिवाला पटलं नसतं तर मला चालू दिलं असतं का?" आणि उठताना म्हणाले, "त्यो पट्टा बांध. माझी कंबर परत धरली तर मी हितंच येणार. गुलबर्ग्याला न्हाई, सोलापूरलाबी न्हाई. तुझा पाय बरा व्हईपर्यंत वाकडा बसून राहीन."

मावशीनं पट्टा बांधला. पण मला स्पष्ट सांगितलं, "अण्णाचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई म्हणून बांधायलेय. पाय बरा झाला तरी आता कुणाला लावणार न्हाई. ते संपलं."

मग अमावस्या मोजणं सुरू झालं. नस किती खाली आली हे बघायची एक जुनी रीत आहे. गुडघ्याखालच्या त्या गाठीपासून बोटानं टिचक्या मारत नडगीकडं यायचं. जिथं टिचकी मारल्यावर पावलावर मुंग्या पळतात, तिथवर नस पोचली. दिवाळीच्या अमावस्येला मी टिचकी मारली आणि मावशीनं त्या जागेवर कुंकवाची टिकली लावली. पुढच्या अमावस्येला दुसरी टिकली, एक इंच खाली. मधल्या दिवसांत तिचा व्यायाम चालायचा. अंबाजी सांगायचा, आई पायाला दोरी लावून वर ओढते आणि पायाशी बोलते. काय बोलते? शिव्या देते. मी म्हटलं, चालू दे.

मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आधी चार दिवस तिचा फोन आला. "अंबे, काल सांजच्याला अंगठा हलला." मी कॉलेजच्या जिन्यात होते. तिथंच पायरीवर बसले. दोन विद्यार्थी बाजूनं गेले, त्यांना वाटलं मॅडमना चक्कर आली.

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, त्यांना पाच पांडव म्हणायचं, पूजा करायची. भज्जी, उंडे, धपाटे आणि घागरभर आंबील. मग ती आंबील पिकावर शिंपडत शेताभोवती फेरी मारायची. आमच्या शेतात घागर अंबाजी धरतो आणि शिंपडायची मावशी, चाळीस वर्षं. काळ्या रानात, ढेकळांतून, अनवाणी.

कोपीजवळ मावशीनं पट्टा काढून ठेवला. मी अडवणार होते, पण नाही अडवलं. ज्वारी पोटरीत आलेली, कणसं अजून पानांच्या आत. ती निघाली, मी दोन पावलं मागं, हात पुढं करून, लहान पोराच्या मागं चालतात तशी. पहिल्या ढेकळाला बोटं अडकली, ती तोल सावरून पुढं गेली. मग मी आवाज ऐकू लागले. टाच आणि मग पाऊल. टाच, पाऊल. अधूनमधून थप्प. पुन्हा टाच. चारही बांध झाले आणि ती कोपीशी येऊन टेकली, घामानं चिंब, आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "आंबील थोडी उरली बघा, ताटात घ्या."

आम्ही जेवायला बसणार एवढ्यात बांधावरून वीरभद्रप्पा आले. एक हात काठीवर, एक कंबरेवर, चेहरा पिळवटलेला. "अयो, अयो," करत कोपीपुढं येऊन उभे राहिले. "धरली, तंगी. सकाळपून धरली."

मी डॉक्टर, लगेच पुढं झाले. पायात मुंग्या? नाही. लघवी? होते. ताप? नाही. मावशी मान हलवत होती. "न्हाई, अण्णा. मी सोडलंय ते."

घोंगडीही न मागता वीरभद्रप्पा थंड काळ्या मातीत पालथे पडले. डबी छातीखाली गेली, मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी ती वर उचलली नाही, मुठीत धरली नाही. कपाळ हातावर ठेवलं आणि वाट बघत पडून राहिले.

मावशीच्या तोंडचा रंग उडाला. तिनं माझ्याकडं बघितलं, अंबाजीकडं बघितलं. मग ती उठली, माझ्या खांद्यावर डावा हात टेकला आणि उजवा पाय उचलला. पाऊल आधी लोंबलं. तिनं डोळे मिटले, आणि हळूहळू बोटं वर आली, मग पाऊल वर आलं, थरथरत. टाच वीरभद्रप्पांच्या कंबरेवर टेकली. पाच खेपा. तिचा माझ्या खांद्यावरचा हात इतका घट्ट होता की दुसऱ्या दिवशी तिथं वळ दिसत होता. पाचवी झाल्यावर ती वाकून त्यांच्या पाया पडली, नेहमीसारखी, आणि मी तोंड फिरवून ज्वारीकडं बघत उभी राहिले, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

वीरभद्रप्पा उठले, माती झटकली, भरपेट जेवले. जाताना त्यांनी काठी काखेत मारली आणि रिकामी घागर एका हातानं उचलून ट्रॉलीत ठेवली. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "अप्पा, कंबर?"

त्यांनी मावशी ऐकत नाही ना हे बघितलं. "कंबरेला काय धाड भरली? पर तुझ्या मावशीला बोललीस तर बघ."

दिवस कलता आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत निघालो. मावशी कडब्यावर पाय लांब करून बसली होती. टिचकी मारून मी तिसरी टिकली लावली, आधीच्या दोन्हींच्या खाली. वीरभद्रप्पांचं गुपित मी पोटात ठेवलं होतं, आणि डॉक्टर असून फसले याचं वाईटही वाटत नव्हतं.

"म्हाताऱ्याची कंबर धड व्हती बघ," मावशी म्हणाली.

मी कडब्याची काडी मोडत बसले.

"उसण भरलेली कंबर टाचेला लाकडावानी लागती. ह्याची मऊ व्हती, लोण्यावानी. माझ्या टाचेला कळत न्हाई व्हय?"

"मग पाय कामून लावलास?"

"ऐंशी सालाचा माणूस शिवाला छातीखाली घेऊन थंड मातीत पडला. माझ्यासाठी. त्याला तसाच पडू देऊ व्हय?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्याला सांगू नको हां, मला कळलं म्हणून."

मी 'नाही' म्हटलं. मावशीनं माझ्याकडं लक्ष दिलं नाही. ती आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती, आणि तो वर करत होती, खाली करत होती, पुन्हा वर करत होती.